कान, कणीस आणि नांगर : सारख्या दिसणाऱ्या जुन्या इंग्रजी शब्दांविषयी

जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना अडखळण्याचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. एखादा शब्द सर्वस्वी अनोळखी असतो. तो दिसताच आपण थांबतो, कोश उघडतो, निदान शेजाऱ्यास विचारतो. अशा शब्दापासून फारसे भय नाही. भय आहे ते ओळखीचा चेहरा घेऊन येणाऱ्या शब्दापासून. तो लहानपणापासून पाठ असतो, अगदी पहिल्या पुस्तकात त्याचे चित्रही पाहिलेले असते; म्हणून त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. न थांबता पुढे गेल्यामुळे लेखकाने सांगितले एक आणि आपण घेतले भलतेच, असे होऊन बसते. शिवाय वाक्याचा काहीतरी अर्थ लागलेला असल्यामुळे आपली वाट चुकली आहे हे ध्यानातही येत नाही.

अशा शब्दांची एक जोडी आज पाहावयाची आहे. ‘इअरिंग’ आणि ‘इअर-रिंग’. इंग्रजी लिपीत या दोहोंमध्ये अंतर काय ते एका ‘आर’ या अक्षराचे. पहिल्यात तो एकदा येतो, दुसऱ्यात दोनदा. दुसरा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. कानात घालावयाचा दागिना. पहिला मात्र आजच्या बोलण्यालिहिण्यातून नाहीसा झाला असून तो भेटतो जुन्या ग्रंथांत. विशेषतः पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेवरून तयार होऊन 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलाच्या इंग्रजी भाषांतरात. इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून हे भाषांतर जगभर अभ्यासिले जाते, आणि आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरी त्याची एखादी जुनी प्रत असतेच.

उत्पत्तीच्या 45व्या अध्यायात योसेफ आपल्या भावांना आपली ओळख देतो, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी तो त्यांस सांगतो की, दुष्काळाची दोन वर्षे सरली, अजून पाच यावयाची आहेत, आणि त्या पाच वर्षांत ‘इअरिंग’ व्हावयाचे नाही व ‘हार्वेस्ट’ही व्हावयाचे नाही. ‘हार्वेस्ट’ म्हणजे सुगी, कापणी. मग ‘इअरिंग’ म्हणजे काय?

हा प्रश्न वर्गात घातला म्हणजे दोन तऱ्हेची उत्तरे येतात. काहीजण म्हणतात, छापणाऱ्याकडून एक अक्षर गळले असावे. दुष्काळात लोकांनी कानातले मोडून खाल्ले, म्हणून दागिने उरले नाहीत. हे उत्तर हसण्यासारखे वाटते खरे, पण ज्या घराने दुष्काळ पाहिला आहे त्या घरच्या मुलालाच ते सुचेल. दुसरे उत्तर अधिक हुशारीचे असते. ‘इअर’ म्हणजे कान, तसेच ‘इअर’ म्हणजे कणीस. तेव्हा ‘इअरिंग’ म्हणजे पीक कणसाला येणे. कणीस नाही, म्हणून सुगी नाही. अर्थ कसा चपखल बसला! आणि चपखल बसल्यामुळेच हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त फसवे आहे.

वस्तुतः येथे कान नाही आणि कणीसही नाही. ‘इअर’ असे एक जुने इंग्रजी क्रियापद होते. त्याचा अर्थ नांगरणे. ‘इअरिंग’ म्हणजे नांगरणी. योसेफ सांगतो ते असे की, पाच वर्षे नांगरणी होणार नाही व कापणीही होणार नाही. आपले मराठी पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर तेथे नांगरणीच आढळेल.

कोणी म्हणेल, कणीस काय आणि नांगर काय, शेवटी दुष्काळ तो दुष्काळ. पण या दोन अर्थांमध्ये फार मोठे अंतर आहे, आणि ते समजावून द्यावयास इंग्रजीच्या शिक्षकापेक्षा शेतकरीच अधिक योग्य. तेरखेड्याचे नाव फटाक्यांच्या धंद्यामुळे दूरवर गेले असले तरी बालाघाटाच्या या माळावरील आपली बहुतेक घरे ज्वारीवर वाढलेली आहेत. पीक पेरले आणि कणीस भरण्याच्या वेळी पावसाने दगा दिला, ही एक आपत्ती झाली. तिच्यात मनुष्याने आपले काम केलेले असते. कडबा तरी हाती लागतो, आणि पुढील साली पुन्हा चाड्यावर मूठ धरू ही उमेद असते. परंतु नांगरच शेतात गेला नाही, म्हणजे काय झाले असेल? जमीन दगडासारखी झाली असेल. बैल विकले गेले असतील किंवा दावणीलाच मेले असतील. बियाणे म्हणून राखून ठेविलेले धान्य पोटात गेले असेल. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. मिलो ज्वारी, सुकडी, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, हे सारे ती सांगतात. त्यांना विचारून पाहावे की, पीक करपलेले वर्ष अधिक वाईट की तिफण घराबाहेर न निघालेले वर्ष अधिक वाईट.

योसेफाच्या कथेत पुढे हेच घडते. 47व्या अध्यायात मिसर देशाचे लोक आधी पैसा संपवितात, मग घोडे, मेंढरे, गुरे व गाढवे देऊन धान्य घेतात, त्यानंतर जमीन व स्वतःचे देह देऊ करितात, आणि त्या वेळी जे मागणे मागतात त्यात अन्नाबरोबर बियाण्याचाही उल्लेख आहे. योसेफ त्यांस बियाणे देतो व पिकाचा पाचवा हिस्सा सरकारचा ठरवितो. ‘इअरिंग’ म्हणजे नांगरणी हे ज्याने 45व्या अध्यायात ओळखले, त्याला हे बियाण्याचे मागणे वाचताना पूर्वीचा दुवा लागतो. कणीस समजून पुढे गेलेल्यास तो लागत नाही. एका अक्षराच्या गैरसमजाने एवढे गमावले जाते.

इंग्रजीचा धडा म्हटला की आपल्याला त्यातले काय कळते, असे म्हणून पुष्कळ पालक बाजूला होतात, आणि मुलेही त्यांस विचारावयाचे सोडून देतात. वरील प्रश्न एखाद्या मुलाने घरी जाऊन इंग्रजीचे अक्षर न ओळखणाऱ्या वडिलांस असा घातला असता की, “दादा, दुष्काळात कापणी होत नाही, तसे तिच्याआधीचे आणखी काय होत नाही?” तर कोशावाचून उत्तर मिळाले असते.

याच क्रियापदाची आणखी उदाहरणे पाहू. निर्गमाच्या 34व्या अध्यायात सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा सांगताना ती ‘इअरिंग’च्या दिवसांत व कापणीच्या दिवसांतही पाळावी असे म्हटले आहे. नेमके हेच दोन काळ का सांगितले? वाफसा आला म्हणजे एक दिवस दवडणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, आणि पीक उभे असता आभाळ भरून आले तरी तसेच. ‘आजचा दिवस सोडा’ असे म्हणण्याचा मोह ज्या दोन वेळांना होतो त्या दोहोंचेच नाव घेतले आहे. पहिल्या शमुवेलाच्या 8व्या अध्यायात राजा तुमच्या मुलांना आपली जमीन ‘इअर’ करण्यास लावील, असा इशारा आहे. यशयाच्या 30व्या अध्यायात बैल व गाढवे जमीन ‘इअर’ करितात. अनुवादाच्या 21व्या अध्यायात तर एका दरीचे वर्णन आहे. ती ‘इअर्ड’ नाही व पेरलेलीही नाही. ‘इअर्ड’चा अर्थ ‘कान असलेला’ असाही होऊ शकतो. पण आपल्याकडे भिंतीला कान असतात, दरीला कान नसणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. ती दरी नांगरलेली नाही, एवढाच अर्थ.

बायबलाबाहेरही हा शब्द होता. शेक्सपिअरने 1593 साली प्रसिद्ध केलेले ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य साउदॅम्प्टनच्या अर्लला अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत तो म्हणतो की, माझे हे पहिले अपत्य कुरूप ठरले तर असली नापीक जमीन मी पुन्हा नांगरणार नाही. आणि नांगरण्यासाठी त्याने योजिलेला शब्द ‘इअर’ हाच आहे. ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात हताश झालेला राजा आपल्या माणसांना, जेथे काही उगवण्याची आशा आहे अशी भूमी जाऊन नांगरा, असे सांगतो. तेथेही हाच शब्द. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये चाचे लोक आपल्या गलबतांच्या तळांनी समुद्र नांगरितात.

आता या शब्दांच्या कुळाकडे वळू. कान, कणीस व नांगरणे या तिन्ही अर्थांचा ‘इअर’ इंग्रजीत आज ई-ए-आर या एकाच अक्षरमालिकेने लिहिला जातो. यावरून असे वाटते की मूळ शब्द एक असून कानासारखे दिसते म्हणून कणसाला तो लाविला, आणि कणीस शेतात येते म्हणून शेतीलाही. असली कल्पना रचणे फार सोपे असते. ती खरी मात्र नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे तीन शब्द वेगवेगळे होते. कान म्हणजे ‘एआरे’, कणीस म्हणजे ‘एआर’, आणि नांगरणे म्हणजे ‘एरिअन’. त्यांची शेपटे झिजत गेली, स्वर एकमेकांजवळ आले, आणि तीन घरची तीन माणसे एकाच अंगरख्यात दिसू लागली.

नांगरणाऱ्या ‘एरिअन’चे नातलग युरोपभर पसरलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘अराऱे’ म्हणजे नांगरणे. त्याच धातूचे रूप ग्रीकमध्ये आहे, लिथुआनियाच्या भाषेतही आहे. इंग्रजीतील मूळचे क्रियापद मेले, पण लॅटिनकडून आलेला त्याचा चुलतभाऊ ‘अॅरेबल’ आजही भूगोलाच्या पुस्तकात लागवडीयोग्य जमिनीला लाविला जातो. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मॅक्स म्युल्लर या प्रसिद्ध पंडितांनी एकोणिसाव्या शतकात आपला ‘आर्य’ हा शब्दही याच धातूशी जोडून ‘नांगर धरणारे लोक’ असा त्याचा अर्थ सुचविला होता. ती व्युत्पत्ती आज विद्वानांना मान्य नाही. सारखेपणाचा मोह मोठमोठ्यांनाही पडतो तो असा.

कणसाचा ‘इअर’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ आहे टोकदार, तीक्ष्ण. गव्हाच्या व जवाच्या कणसाला जी कुसळे असतात त्यांवरून हे नाव पडले. संस्कृतात त्याच कुळातील ‘अश्रि’ म्हणजे धार किंवा कोपरा. ज्याला चार कोपरे तो ‘चतुरस्र’, आणि त्याचा मराठीत झाला ‘चौरस’. तेव्हा इंग्रजांचे कणीस व आपल्या भूमितीच्या वहीतील चौरस यांचे फार लांबचे रक्ताचे नाते आहे. आपण मात्र कणसाला नाव दिले ते कुसळावरून नव्हे, दाण्यावरून. ‘कण’ म्हणजे दाणा, त्यावरून संस्कृत ‘कणिश’, त्यावरून कणीस. ज्वारीला कुसळ नाही, दाणा भरपूर, नाव शोभते. शिवाय इंग्रजाला जेथे एकच ‘इअर’ पुरतो तेथे आपण ज्वारीबाजरीचे कणीस, गव्हाची ओंबी व भाताची लोंबी असा भेद करितो. भाषांतर करणाऱ्याने हे ध्यानात ठेविले पाहिजे. गव्हाच्या शेतात कणसे वेचणारी रूथ मराठी शेतकऱ्याच्या कानाला किंचित खटकते.

कानाच्या ‘इअर’ची कथा मला सर्वांत गोड वाटते. लॅटिन ‘ऑरिस’ व जर्मन ‘ओर’ हे त्याचे भाऊ. प्राचीन इराणच्या भाषेत याच कुळातला ‘उशि’ हा शब्द होता. त्याचा अर्थ कान, आणि त्यावरूनच समज, बुद्धी. त्यापासून फारसीत ‘होश’ झाला, ‘होश’ बाळगणारा तो ‘होश्यार’, आणि तो मराठीत आला ‘हुशार’ होऊन. म्हणजे शिक्षक ज्याला हुशार म्हणतात त्याच्या त्या विशेषणात एक कान दडलेला आहे. आपला ‘कान’ हा शब्द मात्र या कुळातला नाही. तो ‘कर्ण’ या संस्कृत शब्दापासून आला. म्हणून मराठीतही कान आणि कणीस दिसण्यात सारखे व जन्माने परके आहेत. इंग्रजीत जो घोटाळा आहे त्याची सावली आपल्या घरातही पडली आहे.

तिच्याकडे थोडे लक्षपूर्वक पाहू, कारण शब्द कसे झिजतात हे मातृभाषेत जितके स्वच्छ दिसते तितके परभाषेत दिसत नाही. ‘कर्ण’ या शब्दातील र् प्राकृतात गळाला व पुढचे व्यंजन दुप्पट झाले, ‘कण्ण’. मग जोडाक्षराचा भार हलका होऊन आधीचा स्वर लांबला, ‘कान’. हाच नियम लावून पाहा : ‘घर्म’ याचा ‘घाम’, ‘चर्म’ याचे ‘चाम’, ‘पर्ण’ याचे ‘पान’, ‘कर्म’ याचे ‘काम’. आता गंमत अशी की, संस्कृतात ‘पान’ असा एक स्वतंत्र शब्द आहेच, त्याचा अर्थ पिणे. ‘मद्यपान’, ‘जलपान’ यांत तो आहे. तसाच ‘काम’ म्हणजे इच्छा. ‘कामना’, ‘निष्काम’ यांत तो आहे. म्हणून झाडाचे पान आणि मद्यपानातील पान, शेतातले काम आणि निष्काम या शब्दातील काम, ही एका शब्दाची दोन रूपे नव्हेत. झिजता झिजता ‘पर्ण’ येऊन ‘पान’ या शब्दाच्या शेजारी बसला, एवढेच. इंग्रजीत ‘एआरे’, ‘एआर’ व ‘एरिअन’ यांचे झाले ते याहून निराळे नाही. आपला ‘नांगर’ हा शब्दही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ यापासून आला. गलबताचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’ या शब्दाशी जोडतात. एकाचे काम भुईत चालणे, दुसऱ्याचे काम चालते गलबत थांबविणे!

चांगला कोश हा भेद कसा दाखवितो हे विद्यार्थ्यांनी शिकून घ्यावे. एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ते एका नोंदीखाली ओळीने दिलेले असतात. पण मूळचे शब्दच निराळे असतील तर त्यांच्या नोंदी निराळ्या असतात, आणि प्रत्येकीला आकडा लाविलेला असतो. 1884 पासून भागाभागांनी निघून 1928 साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात आपल्या तिन्ही ‘इअर’ शब्दांना निरनिराळी घरे दिली आहेत. शालेय कोशात जागा थोडी असते. तेथे नांगरणीचा ‘इअर’ बहुधा गाळलेला असतो. मुले पहिली नोंद वाचून कोश मिटतात, ही सवय वाईट. पहिल्या नोंदीत कान असणार हे ठरलेलेच. तेवढ्यासाठी कोश उघडण्याची गरज नव्हती.

हे क्रियापद मेले का? माझ्या मते कारणे दोन असावीत. एका आवाजाचे तीन शब्द, त्यातले दोन शेतातलेच, हा संसार अडचणीचा होता. दुसरे असे की, ‘प्लाउ’ हे नांगराचे नाव इंग्रजीत रुळल्यावर त्याच नावाचे क्रियापद करून घेणे लोकांना सोयीचे वाटले. आपणही नांगर या नामावरून नांगरणे केलेच आहे. 1611 च्या भाषांतरकारांनी पूर्वीची इंग्रजी भाषांतरे पुढे ठेवून काम केल्यामुळे त्यांची भाषा त्यांच्या काळीच थोडी जुनी होती. पुढे 1885 साली जुन्या कराराचे सुधारलेले भाषांतर प्रसिद्ध झाले तेव्हा योसेफाच्या तोंडचा ‘इअरिंग’ काढून तेथे ‘प्लाउइंग’ घातले गेले. वाचकांची सोय झाली हे खरे. पण जुनी प्रत घरात असेपर्यंत जुना शब्दही भेटत राहणार.

ओळखीच्या चेहऱ्याआडचा अनोळखी शब्द पकडण्याची युक्ती फार अवघड नाही. त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे. निर्गम हे एकच पुस्तक घ्या. 9व्या अध्यायात गारांनी जवाचा नाश झाला, कारण जव ‘इअर’मध्ये होता; शेजारी पीक आहे, तेव्हा ते कणीस. 21व्या अध्यायात जो दास आपल्या धन्याला सोडून जाऊ इच्छीत नाही त्याचा ‘इअर’ आरीने टोचावा. शेजारी आरी आहे, तेव्हा तो कान. 32व्या अध्यायात अहरोन सोन्याच्या ‘इअर-रिंग’ काढून आणावयास सांगतो; शेजारी सोने आहे. आणि 34व्या अध्यायात ‘इअरिंग’च्या जोडीला कापणी आहे. सुगीबरोबर जोडीने येणारे दुसरे काम कोणते, हे विचारले की कान व कणीस दोन्ही आपोआप बाजूला होतात. लेवीयाच्या 2ऱ्या अध्यायात विस्तवावर भाजलेल्या हिरव्या ‘इअर्स’चे अर्पण सांगितले आहे. येथे तर कोशाचेही कारण नाही. पौष महिन्यात शेताच्या कडेला आगटीभोवती बसलेल्या कोणासही ते काय आहे हे वासावरून कळेल. मराठीत त्याला हुरडा म्हणतात.

हिब्रूतून सरळ भाषांतर करणाऱ्यापुढे इंग्रजीतला हा खोडा येत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. त्या 1922 साली वारल्या आणि 1924 साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. तथापि हिब्रूला स्वतःचे खोडे आहेत. योसेफाच्या वाक्यात नांगरणीला ‘हारीश’ असा शब्द आहे. मूळ हिब्रू लेखनात स्वर लिहीत नसत. आणि नांगरणे या धातूची जी तीन व्यंजने, तीच ‘हेरेश’ या शब्दाचीही आहेत. ‘हेरेश’ म्हणजे बहिरा! इंग्रजीत नांगराशेजारी कान येऊन बसला, तर हिब्रूत नांगराशेजारी बहिरा. या दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसता असा योग यावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

‘इअर-रिंग’ या दुसऱ्या शब्दाविषयी मात्र अजून काही सांगितले नाही. तो सोपा म्हणून सोडून दिला होता. तोही तितकासा सोपा नाही. उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक विहिरीवर रिबकेला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची ‘इअर-रिंग’ देतो. 1611 च्या इंग्रजीप्रमाणे पुढे तो सांगतो की, ती मी तिच्या तोंडावर घातली. कानातला दागिना तोंडावर कसा घालावा? मूळ हिब्रू शब्द ‘नेझेम’ असून तो कानातल्या व नाकातल्या अशा दोन्ही कड्यांना लावीत असत. 1885 च्या इंग्रजीत ते कडे नाकात गेले आहे. मराठी भाषांतरकाराला येथे अडण्याचे कारणच नव्हते. त्याच्या भाषेत त्या दागिन्याला नाव तयार होते, आणि त्याने लिहिले ‘नथ’. अर्धा शेकेल म्हणजे सुमारे अर्धा तोळा, आपल्या सराफांच्या जुन्या हिशेबाने सहा मासे.